बिझनेस क्लासचे पहिले तिकीट काढताना

विमानातील बिझनेस क्लास हा स्वतंत्र वर्ग १९७० च्या दशकाच्या अखेरीस अस्तित्वात आला आणि आजच्या जाहिरातींतील शँपेन व मऊ उशा यांच्याशी त्याच्या मूळ हेतूचा फारसा संबंध नव्हता. ऐनवेळी तिकीट काढून इकॉनॉमीचे पूर्ण भाडे भरणाऱ्या व्यावसायिक प्रवाशाला, त्याच रांगेत सवलतीच्या भाड्यात बसलेल्या पर्यटकापेक्षा काही वेगळे मिळावे, एवढ्याच विचाराने पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास यांसारख्या कंपन्यांनी १९७८-७९ च्या सुमारास तो सुरू केला. पूर्ण सपाट होऊन पलंगासारखे पसरणारे आसन ब्रिटिश एअरवेजने या वर्गात आणले ते २००० साली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, या वर्गात प्रवाशाला काय मिळालेच पाहिजे हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय मानक तेव्हाही नव्हते आणि आजही नाही; कंपनी जे देईल तो बिझनेस क्लास, आणि एकच कंपनी आपल्या दोन विमानांत दोन अगदी निराळ्या गोष्टी त्याच नावाने विकू शकते.

कचेरीच्या खर्चाने वारंवार फिरणाऱ्या अधिकाऱ्याचे यामुळे फारसे बिघडत नाही, कारण एक रात्र वाईट गेली तर पुढच्या महिन्यात दुसरी येते. परंतु लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी, मधुचंद्रासाठी किंवा आई-वडिलांना अमेरिकेतील मुलाकडे पाठवण्यासाठी ज्यांनी प्रथमच हा खर्च करायचे ठरवले आहे, त्यांना दुसरी संधी लवकर येत नसते. भाडे इकॉनॉमीच्या तीन-चार पट असणे ही नेहमीची बाब आहे. त्यात भर अशी की, भारतात इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के वस्तू व सेवा कर असताना त्यावरच्या वर्गांसाठी तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला आहे. म्हणून कंपनीचे नाव आणि वर्गाचे नाव एवढेच पाहून तिकीट काढणे ही या व्यवहारातील सर्वांत महाग पडणारी घाई होय. प्रत्यक्षात विकत घेतले जाते ते एका विशिष्ट विमानातील, विशिष्ट टप्प्यावरील आणि विशिष्ट वेळेचे एक आसन.

आसनरचना तीन आकड्यांनी सांगण्याची पद्धत आहे. १-२-१ म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक आणि मध्ये दोन आसने, ज्यात प्रत्येक प्रवाशाला थेट मार्गिकेत उतरता येते. २-३-२ म्हणजे मध्ये तीन आसने, ज्यातील मधल्या प्रवाशाला रात्री उठायचे झाल्यास झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. एमिरेट्सच्या ए३८० विमानात वरच्या मजल्यावर १-२-१ रचना आणि मागे बार आहे, तर त्याच कंपनीच्या जुन्या धाटणीच्या बोइंग ७७७ मध्ये २-३-२ रचना आहे आणि बार नाही. एअर इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आणलेल्या ए३५० विमानांत दार लावता येणाऱ्या २८ जागा १-२-१ पद्धतीने मांडलेल्या आहेत, पण याच कंपनीच्या जुन्या ७७७-३००ईआर विमानांचा बिझनेस वर्ग २-३-२ असाच होता. आसन सपाट होते म्हणजे काय, हेही विचारून घ्यावे लागते. काही जुनी आसने सरळ होतात, परंतु जमिनीशी कोन करून, त्यामुळे झोपलेला माणूस रात्रभर पायांच्या दिशेने घसरत राहतो; देशांतर्गत व छोट्या विमानांत तर बहुधा केवळ मागे कलणारी रुंद खुर्ची असते.

जोडप्यांसाठी आणखी एक बारकावा आहे आणि तो तिकीट काढणारा एजंट क्वचितच सांगतो. १-२-१ रचनेतील मधली दोन आसने नेहमी शेजारी असतातच असे नाही. अनेक विमानांत ती एका रांगेत परस्परांना लागून, तर पुढच्या रांगेत मार्गिकांच्या बाजूला सरकवलेली व मध्ये दोन छोटी टेबले घेऊन दूर गेलेली असतात. काही जुन्या मांडण्यांत ती एकमेकांकडे पाठ करून तिरपी बसवलेली असतात. रौप्यमहोत्सवी सहलीला निघालेल्या पती-पत्नींनी नऊ तास आपापली भिंत पाहत बसावे, हे बहुतेकांना रुचणार नाही (काहींना रुचेलही, तो प्रश्न वेगळा). आसननकाशा उघडून कोणत्या रांगेतील जोडी जवळची आहे हे पाहणे आणि त्याच रांगेची नोंद करणे, हा यावरचा सोपा उपाय आहे. एकट्या ज्येष्ठ प्रवाशासाठी मात्र खिडकीजवळचे एकेरी आसन केव्हाही श्रेयस्कर.

युरोपातील छोट्या टप्प्यांविषयीचा गैरसमज तर फारच सार्वत्रिक आहे. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तेथून व्हेनिस असे तिकीट काढणाऱ्याला दुसऱ्या टप्प्यावरही पलंग मिळेल असे वाटते; प्रत्यक्षात युरोपातील बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या छोट्या पल्ल्याच्या विमानांत बिझनेस क्लास म्हणजे इकॉनॉमीचीच खुर्ची, फक्त मधली जागा रिकामी ठेवलेली, सोबत जरा बरे जेवण आणि पुढे एक पडदा. त्यासाठी वेगळे पैसे मोजणे व्यर्थ आहे. याच्या उलट प्रकारही आढळतो: शोध घेताना यादीत बिझनेस असे लिहिलेल्या प्रवासाचा एक टप्पा इकॉनॉमीचा असतो, आणि कधी कधी नेमका रात्रीचा लांब टप्पाच तसा निघतो. अशा तिकिटाला मिश्र वर्गाचे तिकीट म्हणतात आणि प्रत्येक टप्प्यासमोरचा वर्ग स्वतंत्रपणे वाचल्याखेरीज ते ओळखता येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका दांपत्याने हे सर्व नीट तपासले होते, रांगही निवडली होती. पण प्रवासाच्या काही आठवडे आधी कंपनीने वेळापत्रकात बदल केल्याचा एक साधासा ईमेल आला, त्यात सुटण्याची वेळ थोडी पुढे गेली होती आणि विमानाचा प्रकार बदलल्याचा उल्लेख खाली बारीक अक्षरांत होता. त्यांनी वेळ पाहिली, ती सोयीची वाटली म्हणून मान्यतेचे बटण दाबले, आणि विमानतळावर जुन्या धाटणीच्या विमानातील दोन वेगवेगळ्या रांगांमधली आसने हाती आली. तक्रारीला जागा उरली नव्हती, कारण वर्ग तोच होता आणि बदल त्यांनी स्वतः स्वीकारलेला होता. वेळापत्रक बदलाची सूचना हीच खरे तर सौदा नव्याने करण्याची संधी असते: मान्यता देण्यापूर्वी कंपनीला दूरध्वनी केल्यास दुसऱ्या दिवशीचे किंवा दुसऱ्या मार्गाचे उड्डाण विनाशुल्क मिळण्याची शक्यता बरीच असते, मान्यता दिल्यानंतर ती उरत नाही.

यानंतरचा प्रश्न वेळेचा. या वर्गाची किंमत मुख्यतः झोपेची किंमत आहे, म्हणून ज्या टप्प्यावर झोपायचेच नाही त्यावर ती मोजण्यात अर्थ नाही. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात; लंडनचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असून प्रवास नऊ-दहा तासांचा आहे, आणि सपाट आसनाचा खरा उपयोग येथेच होतो. उलट मुंबई-दुबई हा सुमारे १,९०० किलोमीटरचा टप्पा तीन तासांत संपतो व त्यात झोपेला जेमतेम दीड तास मिळतो. आखाती शहरातून विमान बदलून जाणारे तिकीट स्वस्त आणि त्यातले आसन अधिक देखणे असले, तरी पहाटे उठून, सामान सावरून, दुसऱ्या विमानात पुन्हा अंथरूण घालून घेणाऱ्याची रात्र मोडतेच. केवळ झोप हा निकष धरला तर साध्या आसनाचे थेट विमान देखण्या आसनाच्या थांब्याच्या विमानापेक्षा सरस ठरते. पैसे मर्यादित असतील, तर जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी असा विचार करावा, कारण सुटीचा पहिला दिवस थकव्यात घालवणे अधिक नुकसानीचे असते. मात्र दोन एकेरी तिकिटे घेण्याआधी दुहेरी भाड्याशी तुलना करावी, कारण एकेरी भाडे निम्मे असेलच असे नाही.

भाड्याचे उपप्रकार हा अलीकडचा सापळा आहे. एमिरेट्सने २०१९ मध्ये आणि कतार एअरवेजने २०२० मध्ये बिझनेस क्लासची अशी स्वस्त भाडी आणली, ज्यात विमानतळावरील विश्रांतिकक्ष म्हणजे लाउंज समाविष्ट नव्हता आणि आसन आधी निवडण्याची सोयही नव्हती. फिनएअरच्या २०२१ च्या अशाच भाड्यात तर सोडायचे सामानही धरलेले नव्हते. एकट्या, सडाफटिंग प्रवाशाला असे भाडे लाभाचे ठरू शकते, पण शेजारी बसण्यासाठीच खर्च करणाऱ्या जोडप्याला ते निरुपयोगी आहे. इकॉनॉमीचे तिकीट काढून नंतर बोली लावून वरचा वर्ग मिळवणाऱ्यांनी बोली साधारणपणे प्रत्येक प्रवाशामागे व प्रत्येक टप्प्यामागे असते, आणि सामानाची मर्यादा पुष्कळदा मूळ तिकिटाचीच राहते, हे लक्षात ठेवावे. क्रेडिट कार्डाचे गुण विमान कंपनीकडे वळवणे सहसा परत फिरवता येत नाही. तेव्हा हवी ती जागा उपलब्ध दिसल्यावरच ते वळवावेत.

जेवणासंबंधी मराठी घरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. विमान कंपन्यांच्या संकेतांत हिंदू मील, म्हणजेच एचएनएमएल, हे शाकाहारी नसते. त्यात गोमांस व डुकराचे मांस नसते, पण कोंबडी, मटण किंवा मासे असू शकतात. भारतीय शाकाहारी जेवणासाठी एव्हीएमएल आणि जैन जेवणासाठी व्हीजेएमएल हे संकेत आहेत, आणि मागणी साधारणतः उड्डाणाच्या २४ तास आधी नोंदवावी लागते. पथ्य सांभाळणाऱ्या आजीसाठी मुलाने भक्तिभावाने हिंदू मील नोंदवावे आणि ताटात कोंबडी यावी, हे अजूनही घडते. दुसरे असे की, उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो, म्हणजे सुमारे ५,४०० फुटांच्या कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ हवेत प्रवासी रात्र काढतो. हवा अत्यंत कोरडीही असते, त्यामुळे मीठ व गोड यांची चव मंदावते आणि मद्याने घसा अधिक सुकतो. म्हणून फुकट मिळते या भावनेने पेल्यावर पेला रिचवणे टाळावे. रात्रीच्या उड्डाणाआधी लाउंजमध्येच जेवून विमानात लगेच निजणे अधिक शहाणपणाचे.

आसनावर बसल्यानंतरचे फारसे अवघड नाही. टेबल कोठे दडले आहे, गादी कोण घालणार, हे निःसंकोच विचारावे. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे हेलकावे सुरू झाल्यावर तो पाहण्यासाठी कर्मचाऱ्यांना झोपमोड करावी लागत नाही. प्रसाधनांची छोटी पिशवी घरी नेण्यासाठीच दिलेली असते, पांघरूण तसे नसते.

विमानात जागा कमी पडल्याने प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले गेल्यास, भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत उड्डाणासाठी करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. त्याच वर्गात अधिक वाईट आसन मिळाल्यास हा नियम लागू होत नाही. म्हणून बोर्डिंग पास हातात पडताच त्यावरील वर्ग आणि आसन क्रमांक काउंटरसमोर उभे असतानाच वाचावा, आणि वर्ग बदललेला आढळल्यास तेथून हलण्यापूर्वी तशी लेखी नोंद मागून घ्यावी.