थार घेताना आधी टायर वाचा

महागडे मॉडेल चिखलातही सरसच, असा आपला समज! २०२० ची महिंद्रा थार बघा. एएक्स साधी, एलएक्स चकचकीत; फोर-व्हील ड्राइव्ह दोन्हीत. पण टायर वेगळे: एएक्सला २४५/७५ आर१६, एलएक्सला २५५/६५ आर१८. पहिला आकडा रुंदी (मिमी), दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या किती टक्के. गुणाकार करा: १८४ आणि १६६. म्हणजे साध्या गाडीत रिम आणि दगड यांच्यामध्ये १८ मिमी जास्त रबर! हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, चिखलात पकड वाढते. लॉकिंग डिफरन्शियल आहे का, तेही विचारा. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीपर्यंत जायचे, की नुसते भंडारा-नागपूर? घरच्यांनी कर्ज काढण्याआधी हे ठरवा.