सहल अजिंठ्याच्या डोंगरात : आखणी आपणच करू या

मुलांनो, 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण तुम्हाला पाठ आहे. आपल्या गावाच्या उत्तरेला, हवा स्वच्छ असली की एक निळी रेघ दिसते. ते अजिंठ्याचे डोंगर. रोज दुरून पाहतो, पण आपल्यापैकी किती जण तिथे गेले आहेत? मागच्या आठवड्यात वर्गात हात वर करायला सांगितले, तर चाळीसपैकी फक्त सहा हात वर आले. तेव्हाच ठरले की यंदाची सहल तिकडे न्यायची आणि तिची आखणी गुरुजींनी एकट्याने करायची नाही, सगळ्या वर्गाने करायची. ती कशी केली ते या पाठात सांगतो.

आधी माझी चूक ऐका

दोन वर्षांपूर्वी मी एक सहल अजिंठ्याला नेली होती. गाडी ठरली, डबे बांधले, मुले पहाटे चारपासून जागी. आणि तिथे पोचल्यावर कळले की आज सोमवार! अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. हे मी आधी विचारायला हवे होते, विचारले नाही. मुलांनी बंद फाटकासमोर डबे खाल्ले आणि आम्ही परत आलो. कोणी मला बोलले नाही, पण परतीच्या गाडीत एकही गाणे झाले नाही, तेच मला पुष्कळ लागले. म्हणून आखणीचा पहिला नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला : निघण्याआधी विचारा.

डोंगराची ओळख

सह्याद्रीचा एक फाटा पश्चिमेकडून पूर्वेकडे निघतो. त्याला सातमाळा-अजिंठा डोंगररांग म्हणतात. आपले डोंगर याच रांगेतले. हा सगळा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वाहिला, थरावर थर साचले आणि थंड होऊन हा दगड झाला. आपल्या विहिरीला सुरुंग लावताना निघतो तोच हा दगड.

आता एक गमतीची गोष्ट ऐका. हा डोंगर म्हणजे पाण्याची वाटणी करणारा मोठा भाऊ आहे. दक्षिण उतारावर पडलेला पाऊस आपल्याकडे येतो. भोकरदनजवळून वाहणारी केळना पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. उत्तर उतारावरचे पाणी मात्र वाघूर नदीत जाते. वाघूर तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर दोन थेंब हातभर अंतरावर पडले, तर एक पूर्वेच्या समुद्राला जाईल आणि दुसरा पश्चिमेच्या! अजिंठ्याची लेणी याच वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या कड्यात कोरलेली आहेत. सिल्लोड मागे टाकून अजिंठा गावाच्या पुढे घाट उतरला की आपण पाण्याच्या दुसऱ्या घरात शिरतो. घाटात गाडी आली की हे आठवा.

जागा किती पाहायच्या?

जागा सुचवायला सांगितले, तर फळा भरला. अजिंठा, वेरूळ, देवगिरीचा किल्ला, पितळखोरे, गौताळ्याचे जंगल, बीबी का मकबरा, लोणारचे सरोवर, अन्व्याचे देऊळ आणि १८०३ ची लढाई झाली ते आपल्या जिल्ह्यातले असई. एकूण नऊ! मग भिंतीवरचा नकाशा काढला आणि दोऱ्याने मोजले. लोणार पूर्वेला बुलढाणा जिल्ह्यात, वेरूळ पश्चिमेला. एका दिवसात दोन्हीकडे जायचे तर दिवसभर गाडीतच बसावे लागेल. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असे व्हायचे. म्हणून आधी घड्याळाचे गणित केले :

आपल्या गावापासून भोकरदन, सिल्लोड, अजिंठा गाव, फर्दापूर या वाटेने लेणी सुमारे ८० किलोमीटर. घाट आणि वाटेतली गावे धरून गाडी तासाला सरासरी ३० किलोमीटर जाईल असे धरू. म्हणजे २ तास ४० मिनिटे. नाश्त्याला २० मिनिटे. सकाळी ६ ला निघालो तर ९ ला पोचतो, आणि लेणी ९ लाच उघडतात.

सायंकाळी ६ च्या आत, उजेड असताना गावात यायचे. म्हणून परत निघायचे ३ वाजता.

९ ते ३ म्हणजे ६ तास. मोठ्या गाड्या फर्दापूरजवळच्या थांब्यावर ठेवाव्या लागतात आणि तिथून लेण्यांपर्यंत दुसऱ्या बसने जावे लागते. त्याला जाऊन-येऊन रांगेसह १ तास धरा. पायऱ्या चढायला-उतरायला अर्धा तास, जेवणाला पाऊण तास, मोजणी आणि पाणी पिण्याला पाव तास.

उरले साडेतीन तास.

चाळीस मुलांना एक लेणे नीट पाहायला २० मिनिटे लागतात. सहा लेण्यांना दोन तास. राहिला दीड तास. तो नदी, कडा आणि बसून बघण्यासाठी. डोंगर धावत पाहायचा नसतो.

हे गणित मांडल्यावर बाकीच्या आठ जागा मुलांनी स्वतःच पुसल्या. मी एकही पुसली नाही. अन्वा जवळ आहे, तिथे पुढे अर्ध्या दिवसाची वेगळी सहल काढू.

कोणती सहा लेणी?

लेण्यांना क्रमांक दिलेले आहेत, एकूण ३०. आपण ही पाहू :

१ – हातात कमळ धरलेल्या पद्मपाणीचे प्रसिद्ध चित्र.
२ – छतावरची रंगीत नक्षी. मान वर करून बघा.
१० – सर्वांत जुन्यांपैकी एक, सुमारे दोन हजार वर्षांहून जुने चैत्यगृह.
१७ – जातककथांची चित्रे. भिंतीवर मांडलेले गोष्टींचे पुस्तकच.
१९ – दगडात कोरलेले सुंदर दर्शनी दार.
२६ – पहुडलेल्या बुद्धाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती.

ही लेणी शेकडो वर्षे झाडीत दडलेली होती. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ती दिसली. आसपासच्या रानात फिरणाऱ्या माणसांना ती ठाऊक असणारच, पण जगाला त्यानंतर कळली. त्या साहेबाने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले. त्याने केले ते केले, आपण करायचे नाही! १९८३ पासून अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आहे. दीड-दोन हजार वर्षे टिकलेला रंग आपल्या ओल्या बोटाने जाऊ शकतो. भिंतीला हात लावायचा नाही, मोबाईलचा फ्लॅश लावायचा नाही.

तारीख कशी ठरली

इथे खरी अडचण आली. आम्ही शिक्षकांनी जानेवारी धरली होती. थंडी चांगली, पाऊस नाही. सगळे 'हो' म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, तवा आमी कारखान्यावर असतो."

वर्ग गप्प झाला. आपल्या वर्गातली सात मुले दिवाळीच्या सुमाराला आई-वडिलांबरोबर ऊसतोडणीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. दर वर्षी सहल जानेवारीत जाते, आणि दर वर्षी ती सात मुले सहलीत नसतात. इतकी वर्षे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. यादीत ती 'गैरहजर' अशी दिसत होती, एवढेच.

मग पुन्हा नकाशा आणि दिनदर्शिका उघडली. दसऱ्याच्या आधीचा आठवडा घेतला तर काय होईल? फायदे मोजले : सगळी मुले गावात, डोंगर हिरवा, वाघूरला पाणी, आणि लेण्यांजवळच्या सातकुंडाचा धबधबाही वाहता असण्याचा संभव जास्त. जानेवारीत तो बहुधा कोरडा असतो. तोटे मोजले : परतीचा पाऊस येऊ शकतो, पायऱ्या निसरड्या होतात. उपाय लिहिले : पाठीमागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, प्रत्येकाजवळ छत्री किंवा पोत्याची खोळ, पाण्याच्या काठाजवळ कोणीही जायचे नाही, आणि आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला तर तीन दिवसांनंतरची राखीव तारीख. दोन्ही तारखा सोमवार सोडून! मत घेतले. चाळीसच्या चाळीस हात वर झाले.

पैशाचे गणित

शैक्षणिक सहलीसाठी एस. टी. भाड्यात निम्मी सवलत देते. त्यासाठी शाळेचा अर्ज आगारात वेळेवर द्यावा लागतो. लेण्यांच्या तिकिटात १५ वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. समजा सगळा खर्च ६००० रुपये आला. ४० मुलांत भागला तर प्रत्येकी १५० रुपये. जून ते दसरा हे सुमारे १५ आठवडे. म्हणजे आठवड्याला १० रुपये. एकदम १५० मागितले तर घरी जड जाते, दहा-दहा टाकले तर जमते. डबा शाळेच्या कपाटात ठेवला आहे. हिशेब दर शनिवारी दोन मुले लिहितात. पण कोणाचे किती आले हे मोठ्याने वाचायचे नाही, असे वर्गानेच ठरवले. कमी पडले तर ते सर्वांचे कमी पडले, असे समजायचे.

निघण्याआधीची यादी

१. पालकांचे संमतीपत्र आणि वरिष्ठ कार्यालयाची परवानगी.
२. पाच-पाच मुलांचे आठ गट. प्रत्येकाला एक गटप्रमुख. दर दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि मुलींसाठी बाई सोबत.
३. गाडीत चढताना प्रत्येक वेळी मोजणी. मोजणी पुरी झाल्याशिवाय गाडी हलणार नाही.
४. पाण्याची बाटली, भाकरी-चटणी, प्रथमोपचार पेटी, घाटात मळमळणाऱ्यांसाठी लिंबू.
५. माकडांना खाऊ दाखवायचा नाही. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकते, म्हणून आरडाओरडा नाही, दगड मारणे तर नाहीच.
६. कचरा पिशवीत घालून घरी आणायचा.

मुलांनो, सहल गाडीत बसल्यावर सुरू होत नाही. ती दोरा नकाशावर ठेवला त्या दिवशीच सुरू झाली. आणि आखणी म्हणजे नुसते अंतर व पैसे मोजणे नव्हे. कोण मागे राहतो आहे, तेही मोजावे लागते. ते आम्हाला मागच्या बाकाने शिकवले.

स्वाध्याय

१. गाडी तासाला ४० किलोमीटर गेली तर ८० किलोमीटरला किती वेळ लागेल? वाचलेल्या वेळात आणखी किती लेणी पाहता येतील?
२. ६००० रुपयांचा खर्च ५० मुलांत भागला तर प्रत्येकी किती?
३. आपल्या शाळेच्या कौलावरचा पावसाचा थेंब कोणत्या समुद्राला मिळेल? वाटेतल्या नद्यांची नावे क्रमाने लिहा.
४. घरी आजी-आजोबांना विचारा : त्यांनी हा डोंगर जवळून पाहिला आहे का? काय पाहिले ते पाच ओळींत लिहून आणा. चांगल्या ओळी पुढच्या अंकात याच भिंतीवर लावू.