भूमी, आदिवासी आणि आरोग्य : ऑस्ट्रेलियातील काही दाखले

आदिवासींच्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे बहुधा शिक्षण, नोकऱ्या व सवलती या अंगाने होते. ते आवश्यकच आहे. परंतु जमीन हातची गेली म्हणजे माणसाचे केवळ उत्पन्न जाते की आणखीही काही जाते, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेतले आहे, कारण तेथे या गोष्टीची डॉक्टरांनी प्रत्यक्ष मोजदाद केली आहे.

ऑस्ट्रेलियात आदिवासी हजारो पिढ्यांपासून राहत आले. १७८८ साली इंग्रजांची वसाहत झाली आणि ही भूमी कोणाचीच नव्हती, असे गोऱ्यांच्या कायद्याने धरून चालले. हे खोटे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १९९२ साली माबो खटल्यात मोडून काढले. खटला लढणारे एडी माबो निकाल ऐकायला राहिले नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते वारले.

हे आदिवासी इंग्रजीतला ‘कंट्री’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतात. कंट्री म्हणजे आपापल्या कुळाचा मुलूख, त्यातले पाणवठे, प्राणी, पूर्वजांच्या कथा, सारे मिळून. योग्य हंगामात गवत जाळणे, पाणवठे राखणे ही त्यांची कर्तव्ये असतात. कोणी देखभाल करणारे उरले नाही तर ‘कंट्री आजारी आहे’ असे ते म्हणतात. आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. पावसाळ्यात भिक्षू हिरवे गवत व बारीक जीव तुडवीत फिरतात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयात सांगितले आहे.

मुलूख सुटला, मिशनच्या वस्त्यांत व गोऱ्यांच्या गुरांच्या रानांवर राहणे नशिबी आले, तेव्हा शिधा म्हणून मिळू लागले ते मैदा, साखर, चहा आणि मांस. पायी भटकंती संपली. पुढे मधुमेहाने या समाजाला घेरले. १९८२ साली केरिन ओडिया या संशोधक महिलेने पश्चिम ऑस्ट्रेलियातील डर्बीजवळच्या वस्तीतील १० मधुमेही प्रौढांना घेऊन एक प्रयोग केला. ही मंडळी सात आठवडे आपल्या मूळ मुलखात जाऊन राहिली. कांगारू, मासे, पक्षी, रानकंद, मध, जे स्वतः मिळवतील तेच खायचे. सात आठवड्यांत सरासरी ८ किलो वजन उतरले. उपाशीपोटीची रक्तातील साखर सुमारे २०९ वरून ११९ पर्यंत आली. माणसे दहाच होती व मुदत थोडी होती, हे विसरता कामा नये. शिवाय यात चमत्कार काही नाही. खाणे बदलले, चालणे वाढले, दारू नव्हती. पण हे सारे एकदम घडले ते मुलखात गेल्यामुळे. दवाखान्यात बसून ‘चाला, कमी खा’ असे सांगितल्याने किती फरक पडतो, हे आपल्या घरातील मधुमेही मंडळींना विचारावे!

दुसरा दाखला यूटोपिया या भागाचा आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येस असलेली ही जमीन आदिवासींना मालकी हक्काने परत मिळाली. लोक एका मोठ्या वस्तीत न कोंडता लहान लहान पाड्यांवर आपापल्या मुलखात राहू लागले. दवाखान्याचा कारभारही त्यांच्याच हाती होता. दहा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रदेशातील इतर आदिवासी प्रौढांपेक्षा येथील मृत्युदर बराच कमी आढळला. पैशाने ते इतरांहून श्रीमंत नव्हते.

येथे आपल्यापैकी कोणीही विचारील की, बाबासाहेबांनी तर आपल्याला खेडे सोडायला सांगितले, ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात खेड्याची पोलखोल केली, मग मातीच्या नात्याचे गोडवे आपण कशाला गावे? शंका रास्त आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनाही वतनाची जमीन होती. पण ती वेठबिगारीच्या साखळीने बांधलेली होती. म्हणूनच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल मांडले. त्यांचा विरोध मातीला नव्हता, तर त्या मातीवरील गुलामगिरीला होता. १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तोही जमीन मागण्यासाठीच.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९६६ मध्ये, उत्तर ऑस्ट्रेलियात वेव्ह हिल येथील गुरिंदजी जमातीचे गुराखी व घरकामाच्या बाया, मुलाबाळांसह सुमारे २०० जण, व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे काम सोडून चालू लागले. सुरुवातीला सर्वांना वाटले, मजुरीचा संप आहे. परंतु त्यांना आपला मुलूख परत हवा होता. त्या जमिनीवर ते राहतच होते, पण परक्याचे गडी म्हणून. पुढे ते डागुरागू येथे वर्षानुवर्षे तळ देऊन बसले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम तेथे आले आणि मूठभर माती त्यांनी लिंगियारींच्या हातात ओतली. मिळाला तो प्रथम भाडेपट्टाच, पूर्ण मालकी पुढे १९८६ मध्ये आली. त्या पायपिटीची आठवण म्हणून गुरिंदजी लोक ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिन पाळतात व त्याच वाटेने पुन्हा चालत जातात.