रोबोटिक शस्त्रक्रिया : उपयुक्तता आणि सुरक्षितता

"आपल्या रुग्णालयात रोबोट केव्हा येणार?" असा प्रश्न देणगीदार, हितचिंतक व रुग्णांचे नातेवाईक अलीकडे वारंवार विचारतात. त्यामागील आपुलकीचे आम्हांस मोल आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा, वैद्यकीय क्षेत्रातील तज्ज्ञ नव्हे. तथापि जमा व नावे या दोन्ही बाजू मांडल्याखेरीज शिल्लक कळत नाही, हा नियम येथेही लागू पडतो.

यंत्राचे स्वरूप

हे यंत्र स्वतःहून शस्त्रक्रिया करीत नाही. शल्यचिकित्सक रुग्णापासून काही अंतरावर कन्सोलवर बसून हात हलवितात आणि यंत्राच्या भुजा त्याबरहुकूम शरीरातील अवजारे चालवितात. त्रिमितीय व मोठी दिसणारी प्रतिमा, मनगटासारखी वळणारी अवजारे आणि हाताचा सूक्ष्म कंप गाळण्याची सोय ही त्याची वैशिष्ट्ये होत. 'दा विंची' प्रणालीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली मान्यता दिली. आता गुरुग्राम येथील 'एसएसआय मंत्रा' ही भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे.

जमेची बाजू

ओटीपोटाच्या अरुंद जागेतील प्रोस्टेटची शस्त्रक्रिया किंवा मूत्रपिंड वाचवून केवळ गाठ काढणे, अशा नाजूक कामांत यंत्राचा विशेष उपयोग होतो. मोठा छेद टळल्याने रक्तस्राव कमी होतो व रुग्ण लवकर घरी जातो. मात्र हे लाभ बऱ्याच अंशी साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही मिळतात. गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४७१ रुग्णांवरील २०१७ च्या अभ्यासात, मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, तर रोबोटमध्ये ८.१ टक्के आढळले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही.

सावधगिरीची बाजू

लहान छेद म्हणजे नेहमीच सुरक्षित उपचार, असे नव्हे. गर्भाशयमुखाच्या आरंभीच्या कर्करोगाच्या ६३१ स्त्रियांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त असण्याचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर लहान छेदाच्या पद्धतीत ८६ टक्के होते. लहान छेदाच्या बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीने व काही रोबोटने झाल्या होत्या. हा कर्करोग भारतीय स्त्रियांत मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने हा निष्कर्ष आपणांस विशेष महत्त्वाचा आहे. कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी व उपचारासाठी या यंत्रांची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला.

यंत्रदोषही विसरता येत नाहीत. अमेरिकेत २००० ते २०१३ या काळात अशा शस्त्रक्रियांसंबंधी १०,६२४ प्रतिकूल घटनांची नोंद झाली. त्यांत १४४ मृत्यू होते. प्रत्येक मृत्यूस यंत्रच कारण होते असे नव्हे. परंतु अवजाराचा तुकडा शरीरात पडणे, ठिणगी उडणे, चित्र बंद होणे अशा घटना त्यांत आहेत. म्हणून यंत्र थांबताच खुली शस्त्रक्रिया करू शकणारा चमू सदैव सज्ज असावा लागतो.

आमची भूमिका

यंत्राची किंमत कोट्यवधी रुपयांच्या घरात आहे. शिवाय देखभालीचा वार्षिक करार असतो आणि अवजारे ठरावीक वापरांनंतर बदलावीच लागतात. शस्त्रक्रियांची संख्या अपुरी असल्यास हात सरावत नाही आणि खर्चही वसूल होत नाही. मग हप्ते फेडण्यासाठी रुग्ण शोधण्याचा मोह होतो. आमच्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा धोका हाच आहे आणि त्याची नोंद कोणत्याही यंत्रदोषाच्या यादीत सापडत नाही.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्या खाटेवरील रुग्णालाही जे देता येणार नाही, त्याचा अभिमान आम्ही कसा बाळगावा?

तेव्हा खरेदीपूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळावीत : कोणत्या आजारात लाभ सिद्ध झाला आहे? आपल्याकडे तसे पुरेसे रुग्ण व प्रशिक्षित चमू आहे का? निर्धन रुग्णाचा खर्च कोठून येईल? रुग्णांनीही अन्यत्र सल्ला घेताना, "आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या?" आणि "माझ्या आजारात अन्य पद्धतीने काय फरक पडेल?" हे निःसंकोच विचारावे. समाधानकारक उत्तरे मिळतील त्या दिवशी यंत्राचे स्वागत करण्यास आम्हीही उत्सुक आहोत.