दुर्बीण, पिशवी आणि संमती

विनयपिटकाच्या महावग्गात वैद्य जीवक यांची कथा आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठिपुत्राच्या आतड्याला पीळ पडला होता. जीवकांनी त्याचे पोट उघडले, आतडे त्याच्या पत्नीला दाखविले, हा तुझ्या पतीचा रोग असे सांगितले आणि मग पीळ सोडविला. या कथेतील शस्त्रकौशल्याची वाहवा नेहमी होते. आम्हांला ते दाखविणे अधिक मोलाचे वाटते.

पोट न उघडता आत पाहण्याची विद्या मात्र अलीकडची. १९०१ साली जर्मनीत केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात दुर्बीण घालून पाहिले. १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेयस यांनी माणसावर हा प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे ही विद्या वाढविली ती विशेषतः स्त्रीरोगतज्ज्ञांनी. कील येथील कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा व्यवसायबंधूंनीच त्यांची टर उडविली होती!

या शस्त्रक्रियेत भूल देऊन बेंबीजवळ सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेतात. कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगविले म्हणजे अवयव सुटे दिसतात. कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर उमटते आणि आणखी दोन-तीन छिद्रांतून अवजारे चालतात. अंडाशयाची गाठ, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी यांवर असा उपचार होतो. वेदना कमी होतात आणि बाई लवकर कामाला लागते. रोजंदारीवरच्या घरात ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही आतड्याला, मूत्रवाहिनीला वा रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका उरतोच.

छेद लहान झाला म्हणून अन्याय लहान होतो असे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची दुर्बिणीने नसबंदी उरकण्यात आली. तेथील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. त्या गरीब घरांतल्या होत्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. बाबासाहेबांनी संततिनियमनाचा पुरस्कार केला होता. १९३८ साली मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने रोहम यांनी तो विषय मांडला. त्या मांडणीत स्त्रीच्या यातना आणि तिची इच्छा यांना स्थान होते. शिबिरात उरली ती केवळ उद्दिष्टाची संख्या.

आपल्या बीड जिल्ह्याचे उदाहरण तर घरचेच. २०१९ मधील शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचे आढळले. पाळीमुळे खाडा झाला तर दंड, आणि पांढरे जाते म्हटले की कर्करोगाची भीती! शस्त्रक्रिया पोट उघडून होवो वा दुर्बिणीने, अशा भीतीतून दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

म्हणून वरच्या वर्गांतील मुलींना आम्ही शरीरशास्त्राच्या तासाला हे शब्द शिकवितो. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास विचारावे: सोनोग्राफीत काय दिसले? औषधाने भागेल का? केवळ गाठ काढता येईल का? अंडाशय राखणार की नाही? दोन्ही अंडाशय काढल्यास तरुणपणीच रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. शक्य तेथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल मागून जपून ठेवावा.