बाळाच्या हृदयाला छिद्र

प्रश्न : माझी मुलगी चार महिन्यांची आहे. टूडी इकोत हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला लहान छिद्र निघालं. लगेच ऑपरेशन करावं लागेल का?
– एक आई, प्रभादेवी

उत्तर : ताई, छिद्र निघालं म्हणजे ऑपरेशन ठरलं, असं नाही. अशी लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. पुढचा इको मात्र चुकवू नका. दूध पिताना कपाळावर घाम येतो का, मध्येच धाप लागून ती स्तन सोडते का, वजन अडलंय का, हे बघा. तसं असेल तर परळला वाडिया किंवा केईएममध्ये लवकर दाखवा. ओठ निळे पडले तर त्याच क्षणी! काही छिद्रं छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालूनही बंद करतात. खर्चाची चिंता असेल तर जन आरोग्य योजनेची चौकशी करा. तुमच्या शेजारचा सिद्धिविनायक न्यासही गरजू रुग्णांना मदत देतो. लसी थांबवू नका.