खेळाच्या कॅसेटमधला सेल



पेडणे-डिचोली भागातील अनेक घरांतून कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात नोकरीला गेलेले असते. सुट्टीवर येताना आणलेल्या वस्तूंत कधी कधी गेमबॉयही असे. निन्तेन्दो कंपनीने हातात धरून खेळायचे हे यंत्र १९८९ साली जपानमध्ये विक्रीस आणले. आज ते कपाटातून काढून नवे सेल घातले, तर बहुधा चालू होते. पण मामाने किंवा ताईने अर्ध्यावर ठेवलेला खेळ सापडत नाही. यंत्र बिघडले असे आपण समजतो. खरा दोष बहुतेक वेळा कॅसेटच्या आत दडलेल्या एका सेलचा असतो.

दोन प्रकारची स्मृती

कॅसेटमध्ये मूळ खेळ एका चिपमध्ये कारखान्यातच कायमचा भरलेला असतो. त्याला टिकायला वीज लागत नाही. आपण कुठवर पोहोचलो, ही नोंद मात्र दुसऱ्या चिपमध्ये राहते आणि तिला अखंड वीज लागते. खेळ चालू असताना ती यंत्राकडून मिळते, बंद असताना या सेलकडून. नंदादीप तेल संपून विझला, तर नवे तेल घातल्याने ज्योत आपोआप परतत नाही. तसेच नवा सेल घातल्याने पुसलेली नोंद परत येत नाही.

सगळ्याच कॅसेटमध्ये सेल नसतो. ‘टेट्रिस’मध्ये नाही, ‘पोकेमॉन रेड’मध्ये आहे. १९९९ साली जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये त्याच सेलवर घड्याळही चालते, म्हणून तो लवकर संपतो. २००२ च्या ‘पोकेमॉन रूबी’त नोंद सेलशिवाय टिकते, सेल फक्त घड्याळासाठी असतो.

मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेतून गोव्यातील विद्यार्थ्यांना संगणक मिळाले होते. अशा जुन्या संगणकांची तारीख चुकू लागते, तीही आतला असाच सेल संपल्यामुळे. पण संगणकातील धडे, चित्रे डिस्कवर असतात. ती सेलबरोबर जात नाहीत.

थोडे गणित

अनेक कॅसेटमधल्या सेलवर ‘सीआर २०२५’ लिहिलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, २५ म्हणजे जाडी २.५ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. त्याची क्षमता सुमारे १६० मिलीअँपिअर-तास, म्हणजेच १,६०,००० मायक्रोअँपिअर-तास. चिप एक मायक्रोअँपिअर वीज घेते असे धरू. मग सेल १,६०,००० तास पुरेल. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार करा: सुमारे १८ वर्षे! पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटचा सेल संपत आला, यात नवल नाही.

सेल कसा बदलतात

आधी प्रत, मग सेल, हा पहिला नियम. जुना सेल काढताच वीज तुटते आणि नोंद पुसली जाते. म्हणून नोंद अजून शाबूत असेल, तर कॅसेट वाचणारे उपकरण संगणकाला जोडून तिची प्रत काढतात व ती नीट उतरली का ते तपासतात. मगच कॅसेटचा खास स्क्रू काढून ती उघडतात. जुना सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी पक्का बसवलेला असतो. त्याच्या जागी पट्ट्या जोडूनच मिळणारा नवा सेल धन-ऋण खुणा पाहून डाख देऊन बसवतात. शेवटी प्रत पुन्हा कॅसेटमध्ये भरतात. नुसती चिकटपट्टी लावली, तर हिसक्यासरशी जोड सुटून नोंद पुन्हा जाते.

काळजी

डाख देण्याचे काम मुलांनी एकट्याने करू नये. तापलेली कावी थेट सेलला लावली तर तो फुटू शकतो. हा सेल पुन्हा चार्ज करण्याचा नसतो.

पालकांनी विशेष लक्ष द्यावे: लहान मुलाने असा सेल गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आतही गंभीर जखम करू शकतो. उलटी करवू नये. १०८ ला फोन करून ताबडतोब इस्पितळात न्यावे.

वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी. तो चुलीत किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नये. शाळेत अशा सेलसाठी झाकणाची वेगळी पेटी ठेवावी, अशी आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे.

खेळाची ती नोंद म्हणजे आपल्याच घरातल्या कोणाचे तरी बालपण असते. कॅसेटमध्ये ती अजून असेल, तर सेल संपण्याची वाट पाहू नका. आजच घरातल्या मोठ्यांना विचारा.

स्वाध्याय

१. घड्याळासह कॅसेट दोन मायक्रोअँपिअर वीज घेत असेल, तर वरील सेल किती वर्षे पुरेल?
२. सेल संपल्यावर नोंद जाते, पण मूळ खेळ का जात नाही?
३. घरातील कोणकोणत्या वस्तूंत नाण्यासारखा सेल आहे, याची मोठ्यांच्या मदतीने यादी करा.